गडगडाटानंतर एलईडी टीव्ही सुरूच होत नाही, पॅनल गेला असेल का?

सेट न बघता फोनवरच 'पॅनल गेला' म्हणणाऱ्याचं आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की टीव्ही ४३ इंची, ५ वर्षांचा. डिचोलीला परवा रात्री गडगडाटात लाईट गेली आणि परत आल्यापासून लाल दिवासुद्धा लागत नाही. ही लक्षणं पॅनलची, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याची नव्हेत. पॅनल बिघडला की पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा येतात, अर्धा भाग काळा पडतो, रंग विस्कटतात; दिवा मात्र लागतो आणि बहुतेक वेळा आवाजही येतो. दिवाच नाही म्हणजे बहुतेक वेळा वीज आत पोचत नाही, किंवा पोचून सप्लाय बोर्डापाशी (भिंतीतली वीज टीव्हीला लागेल तशी करून देणारा बोर्ड) अडते. माझं फोंड्याला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मे-जूनमध्ये जे डेड सेट येतात त्यांत सप्लाय बोर्डाचाच भरणा असतो. पॅनलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीइतकी असते, त्यामुळे 'पॅनल गेला' ऐकल्यावर माणूस पुढे काही विचारतच नाही. काहींना तेच सोयीचं पडतं.

घरच्या घरी करायचं ते आधी करून घ्या. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये असेल तर तो काढून थेट भिंतीत. मग केबल. तुमच्या टीव्हीची वायर मागून निघणारी, दोन गोल भोकांची असेल तर जुन्या टेपरेकॉर्डरला किंवा रेडिओला असते तीच वायर तिथे बसते, ती लावून बघा. समुद्राकाठच्या घरांत या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि सगळं ठीक असूनही सेट मेल्यासारखा वाटतो. डिचोली गोव्यात असली तरी समुद्रापासून आत, तिथे तो त्रास कमी.

यानंतर सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, पेन ड्राइव्ह, जे काही मागे खुपसलेलं आहे ते सगळं उपटून काढा. बॉक्स आतून जळला असेल तर एचडीएमआयच्या वायरीतून तो टीव्हीलाही दाबून धरतो. प्लगही काढा, टीव्हीवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा (कंपनीच्या नावाखाली किंवा मागच्या अंगाला, बोटानेच चाचपडून सापडतं), पाचेक मिनिटं थांबा आणि नुसत्या वीजेवर सुरू करा. रिमोटने नको, बटणानेच. रिमोटवर संशय असेल तर मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. चालू रिमोटचा दिवा स्क्रीनवर जांभळट चमकतो.

एवढं करूनही काही नाही, तर शेजारी चौकशी करा. हे गमतीने सांगत नाही. त्या रात्री शेजारच्यांचा पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर, काही गेलं का? लाईट परत आली तेव्हा बल्ब नेहमीपेक्षा जास्त पांढरे जळत होते का, पंखे भन्नाट फिरत होते का? आपल्याकडे वादळात माडाची झावळी तारांवर पडते आणि कधी कधी नेमकी न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटते. न्यूट्रल गेली की घरात २३० व्होल्टऐवजी साडेतीनशे-चारशेच्या घरात दाब येऊ शकतो, कारण दोन फेजांमधला (वीज आणणाऱ्या तारांमधला) दाब मुळात ४०० व्होल्टचा. तसं झालं असेल तर वीज खात्याला कळवून लाईन तपासून घेतल्याशिवाय दुरुस्त झालेला टीव्हीही लावू नका, पुन्हा जाईल. आणि एकट्या तुमच्याच घरी झालं असेल तर वीज जवळपास पडून केबलच्या किंवा डिशच्या वायरीतून आत शिरल्याची शक्यता जास्त. नुसता प्लग काढून झोपणारे इथेच फसतात. डिशची वायर मागे तशीच लटकत असते.

मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. सप्लाय बोर्डावरच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहतात. आत काय दिसतं ते मी सांगतो. वीज आत येते तिथे काचेचा एक फ्यूज, आणि त्याच्या शेजारी बटणाएवढी गोल चकती, व्हॅरिस्टर. दाब वाढला की ही चकती स्वतः फुटते आणि फ्यूज उडवते, म्हणजे मागचं वाचतं. फ्यूजची तार नुसती तुटलेली आणि काच स्वच्छ असेल तर थोडक्यात निभावलं. काच आतून काळी, चंदेरी झालेली असेल तर पुढे काहीतरी पक्कं शॉर्ट झालंय. तिथे नवा फ्यूज टाकून उपयोग नाही, तोही फटकन उडतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्याकडे सेट देऊ नका. पावसाळ्याच्या तोंडावर अजून एक प्रकार येतो: ऊब शोधत पाल मागच्या फटीतून शिरते आणि सप्लाय बोर्डावरच्या पार्टच्या दोन पिनांत अडकून जळते. झाकण उघडलं की वासावरूनच कळतं.

दुरुस्तीवाल्याकडे गेलात की समोर उभं राहून मीटर लावायला सांगा. पहिला प्रश्न एकच, स्टँडबायचे व्होल्ट (टीव्ही बंद असतानाही लाल दिव्यासाठी चालू राहणारा दाब) येतात का. बऱ्याच सेटमध्ये ते ५ च्या आसपास असतात, काहींत थेट १२. हे येतच नसतील तर दोष सप्लायमध्ये, आणि तो सुटे पार्ट बदलून बहुधा निघतो. येत असतील आणि तरी दिवा नाही, तर मेन बोर्डाकडे (चित्र-आवाज सांभाळणारा बोर्ड) वळायचं. वीज एचडीएमआयमधून शिरली असेल तर हाच जातो आणि खर्च वाढतो. बोर्ड बदलायचाच झाला तर टीव्हीच्या मॉडेलवरून मागवू नका, बोर्डावर छापलेला नंबर जुळवा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे पॅनल बसवलेले असतात, बोर्ड चुकला तर चित्र उलटं किंवा निगेटिव्हसारखं येतं. जुना बोर्ड परत मागा. ४३ इंची सेटला सप्लायची दुरुस्ती डोळे मिटून करा. मेन बोर्ड आणि सप्लाय दोन्ही गेले असतील तर मात्र मी स्वतः पैसे घालणार नाही.

आणखी एक शंका काढून टाकतो. काही टीव्ही चालू झाले की लाल दिवा आपणहून विझतो. म्हणजे पडदा काळा, दिवा नाही, पण सेट चालू! खोली अंधारी करून पडद्याजवळ तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) गेलाय, त्याच्या पट्ट्या बदलता येतात. बदलायच्या तर सगळ्या एकदम, एकच बदलली की बाकीच्या रांगेत उभ्याच असतात.

सेट दुरुस्त होऊन आला की लगेच जुना सेट-टॉप बॉक्स जोडू नका. तो आधी एखाद्या जुन्या, गेला तरी चालेल अशा टीव्हीवर लावून बघा, नाहीतर केबलवाल्याला तपासायला द्या. सर्ज प्रोटेक्टर (दाबाचा झटका अडवणारा बोर्ड) घेणार असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, आणि पहिला गडगडाट येतो तो नेमका जमीन कोरडी असताना. अर्थ नसेल तर महागातला प्रोटेक्टरही पुरतं काम करत नाही. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घाला.