शिकाऊ ट्रकचालकाने ट्रेनरच्या जेवणाचे पैसे द्यावेत का?

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकवर तुम्हाला ट्रेनरबरोबर काही आठवडे काढायचे आहेत, पहिला पगार हातात पडायला अवकाश आहे आणि ट्रेनरने फोनवर "जेवणाचं आपण बघून घेऊ" एवढेच सांगितले आहे. या 'बघून घेऊ'चा अर्थ काय घ्यायचा, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की कोणी कोणाचे द्यायचे नाही, आणि हे ट्रकमध्ये बसण्यापूर्वी बोलून घ्यायचे. मी स्वतः असाच शिकलो आणि पुढे काही वर्षे इतरांना शिकवले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

माझ्या शिकण्याच्या चौथ्या दिवशी काउंटरवर माझे कार्ड नाकारले गेले. मागे रांग होती. ट्रेनरने माझ्या खांद्यावरून हात पुढे करून स्वतःचे कार्ड लावले आणि "चल, गार होतंय" म्हणत तो निघालासुद्धा. त्याने ते चांगुलपणाने केले, याबद्दल मला आजही शंका नाही. मात्र पुढच्या दहा दिवसांत अशी सात जेवणे झाली. मग एका रात्री माझी त्या दिवसाची गाडी चालवण्याची मुदत संपत आली असताना तो म्हणाला, "अजून पाऊण तास ओढ, पुढे जागा चांगली आहे." कामावर आल्यापासून 14 तास उलटले की पुढे गाडी चालवता येत नाही, आणि त्या 14 तासांतही प्रत्यक्ष चालवायचे ते 11 तासच, हा नियम मला तोंडपाठ होता, तरी नाही म्हणायला तोंड उघडेना, कारण सात जेवणे घशाशी आली होती. मी गाडी ओढली. चालवण्याचे तास आपोआप नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक लॉगवर ते उल्लंघन माझ्या नावावर पडले, त्याच्या नव्हे.

म्हणून मी हा केवळ पैशांचा प्रश्न मानत नाही. तुम्ही एकट्याने गाडी चालवण्यास लायक आहात की नाही, या कागदावर ज्याची सही लागते, त्याचे देणेकरी होणे आणि त्याला उधार देणे या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. आपल्याकडे शिकवणाऱ्याला काही द्यावे असे मनातून वाटते, आणि ते वाईट नाही. पण बहुतेक कंपन्या ट्रेनरला तुम्हाला शिकवण्याबद्दल जास्तीचे पैसे देतात, कोणी दिवसाच्या हिशेबाने, कोणी मैलांच्या. गुरुदक्षिणा कंपनीने आधीच भरलेली असते.

लायसन्सपूर्वीच्या प्रशिक्षणासाठी 7 फेब्रुवारी 2022 पासून संघराज्याचे किमान नियम लागू आहेत; लायसन्स मिळाल्यानंतर ट्रेनरबरोबर काढायचे आठवडे मात्र कंपनीच्या स्वतःच्या धोरणाचा भाग असतात. त्यामुळे जेवणाबद्दलचा खुलासा सरकारी नियमांत शोधत बसण्यापेक्षा कंपनीच्या प्रशिक्षण विभागाला ईमेल करून लेखी विचारा. त्याच ईमेलमध्ये पहिला पगार कोणत्या तारखेला जमा होणार आणि तोवर उचल मिळते का, हेही विचारा. उचल मिळाली तर तिच्यावर शुल्क कापतात का, तेवढे पाहून घ्या. कंपनीची उचल पगारातून वळती होते आणि कागदावर राहते. ट्रेनरची उधारी त्याच्या डोक्यात राहते, आणि तिथे ती वाढते.

'पर डायम', म्हणजे रोजचा जेवणभत्ता, या शब्दाने नवखे फार फसतात. बऱ्याच कंपन्यांत तो पगारावरचा जादा भत्ता नसतो; तुमच्याच मोबदल्याचा काही भाग जेवणखर्च म्हणून करमुक्त दाखवलेला असतो. पगारदार चालकाला 2018 पासून जेवणाचा खर्च संघराज्याच्या आयकरातून वजा करता येत नाही, आणि स्वतःचा ट्रक असलेल्याला त्यातील 80 टक्के वजा करता येतो. तुमचा ट्रेनर ट्रकचा मालक असेल, तर त्याचे आणि तुमचे गणित एक नाही, हे लक्षात ठेवा.

खर्च वाढतो तो मात्र थांब्यांमुळे, आणि थांबा ठरवतो ट्रेनर. एकूण आठ तास गाडी चालवून झाल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची आहे. त्या अर्ध्या तासात गाडी लावणे, शौचालय आणि रांग एवढे उरकेपर्यंत जे पटकन मिळेल ते महागात घेतले जाते. म्हणून शिधा बरोबर न्या. पण त्याआधी फ्रिजमध्ये तुमच्यासाठी किती जागा आहे आणि इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह चालतो का, हे विचारा. मी चार दिवसांचे डबे नेले आणि फ्रिज ट्रेनरच्या थंड पेयांच्या बाटल्यांनी गच्च भरलेला निघाला. दोन डबे दुसऱ्याच दिवशी आंबले.

अंघोळीचेही आधीच विचारा. मोठ्या ट्रक थांब्यांवर डिझेल भरल्यावर मोफत अंघोळ जमा होते, ती मात्र ट्रेनरच्या कार्डावर. त्या डिझेलवरचे अर्धे मैल तुम्ही चालवलेले असू शकतात, तेव्हा संकोच न करता मागा.

माल उतरवणाऱ्या मजुरांचे पैसे, वजनकाट्याची पावती, टोल आणि पार्किंग हे कामाचे खर्च आहेत. त्यांना तुम्ही हात लावू नका. "तू भर, नंतर मिळतील" असे ट्रेनर म्हणाला, तर कंपनीकडून त्या खर्चाचे पैसे देण्याचा कोड येईपर्यंत थांबू, असे शांतपणे सांगा.

ट्रेनरने उसने मागितले, तर घरी पैसे पाठवायचे असल्याने हातात आठवड्यापुरतेच असतात, असे एकदाच सांगून विषय बदला. आणि एखाद्या दिवशी त्यानेच तुमचे बिल भरले, तर त्याच रात्री त्याला आकड्यासह मेसेज करा आणि जमेल त्या पहिल्या दिवशी ॲपने पैसे पाठवा, म्हणजे नोंद राहील. तो "राहू दे" म्हणेल. तरीही पाठवा.

एकत्र चहाकॉफी घ्यायला काहीच हरकत नाही. आज त्याने, उद्या तुम्ही. त्याचा हिशेब लिहायला लागलात, तर कॅबमध्ये सहा आठवडे काढणे अवघड जाईल.

आता त्याला परत फोन करा आणि पहिल्याच वाक्यात म्हणा, "माझं जेवण माझं मी बघतो, फक्त फ्रिजमध्ये एक कप्पा मिळेल का?" एवढ्यावर जो ट्रेनर बिनसतो, त्याच्याऐवजी दुसरा मागायला प्रशिक्षण विभागाला त्याच दिवशी कळवा, ट्रकमध्ये बसल्यावर ते फार अवघड होते.