मराठवाड्यात दरीत उतरायचं असतं

तुम्ही विचारलंय: मूळ गाव लातूरकडचं, नोकरी पुण्यात, मुलगा दहा वर्षांचा. शनिवार-रविवार पायी भटकायला मराठवाड्यात जागा आहेत का, की आपलं भीमाशंकर-लोणावळाच बरं? आणि शेवटी तुम्हीच लिहून टाकलंय, 'तिकडं तर नुसते माळच आहेत.' हे शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून लिहायला बसले.

कारण हेच वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून मी माझ्या लग्नाआधीपासून ऐकत आलेय. दाजी म्हणजे आक्काचे मालक. पुण्यात वाढलेले, पावसाळा लागला की सह्याद्रीत पळणारे. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई सगळं पायाखालून गेलेलं. माणूस चांगला आहे, माझ्या वडलांच्या आजारपणात धावून आलेला आहे. पण आमच्याकडं जेवायला बसले की ठरलेलं असतं, 'तुमच्याकडं खायला-प्यायला छान, पण चालायला काही नाही.' घरातले हसून सोडून द्यायचे. मला ते कधी सोडता आलं नाही. माझं लहानपण बालाघाटाच्या डोंगरावरच्या गावात गेलं. शाळेला, बाजाराला, मामाच्या गावाला आम्ही डोंगरानंच पायी जायचो, आणि हे म्हणतात चालायला काही नाही!

तर एका दसऱ्याच्या सुट्टीत आक्का आणि दाजी बीडला आमच्याकडं मुक्कामी होते. हस्ताचा पाऊस चांगला पडून गेला होता. मी म्हणलं, उद्या सकाळी कपिलधारला दर्शनाला जाऊ, पण गाडीनं नाही. गाडी मांजरसुंब्याला ठेवायची आणि तिथून चालायचं. दाजी बूट, काठी, पाठपिशवी अशा पूर्ण तयारीनं निघाले. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही आणि पाणी घेतलं.

मांजरसुंब्यापासून रस्ता सोडून आत शिरलं की सपाटच सपाट. त्या दिवसांत मूग-उडीद निघालेले असतात, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, तूर कमरेएवढी होते आणि मधेच कारळाचं पिवळं शेत लागतं. बांधाला तरवड फुललेला, मुरमाड जागी कुसळी वाळायला लागलेली, आणि जिथं काहीच येत नाही तिथं सीताफळ. हे लावलेलं नसतं, आपलं आपणच आलेलं असतं. (बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय ते याच डोंगरामुळं.) तासभर चालल्यावर दाजी थांबले आणि म्हणाले, 'अगं, डोंगर कुठंय?'

मी म्हणलं, 'दाजी, सकाळपासून आपण डोंगरावरच चाललोय.'

त्यांना ते पटेना. बीडकडून येताना मांजरसुंब्याचा घाट आपण गाडीत बसून चढलो, तिथंच डोंगर चढून झाला, हे मी त्यांना समजावून सांगितलं. बालाघाट वरून पाटासारखा सपाट आहे. त्याच्या उत्तरेचं पाणी गोदावरीला जातं, दक्षिणेचं सीनेवाटे भीमेला. तुम्ही लातूरकडचे, म्हणून मुद्दाम सांगते, तुमची मांजरा याच पठारावर पाटोदा तालुक्यात उगम पावते. लातूरच्या घागरीत पडणारं पाणी ज्या माळावरून निघालं, त्याला नुसता माळ म्हणू नका.

वाटेत एक म्हातारी शेळ्या राखत होती. आम्हाला बघून ती म्हणाली, 'कार्तिकात लई माणसं जात्यात ह्या वाटंनं. तुमी लवकरच निगालाव.' तिला आम्ही दिंडीतलेच वाटलो. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकी पौर्णिमेला तिथं यात्रा भरते आणि मराठवाड्यातनं, कर्नाटकातनं लिंगायत समाजाच्या दिंड्या पायी येतात. तिनं पदरातली दोन सीताफळं आक्काच्या हातात ठेवली आणि पाणी आहे का विचारलं. पायी चालणाऱ्याला आधी पाणी विचारायचं ही आमच्याकडची रीत आहे, आणि ज्यांच्या भागाला सगळी दुनिया दुष्काळी म्हणते ती माणसं ती पाळतात.

पुढं अर्ध्या तासानं पाण्याचा आवाज यायला लागला. समोर काहीच नाही, तेच गवत, तीच बोराटी. आवाज मात्र पायाखालून येतोय. आणि मग एकदम जमीन संपते. चार पावलांवर कडा, खाली झाडांचा गच्च हिरवा खड्डा, एका बाजूनं धार पडतेय, आणि तळाशी देऊळ. दाजी काठी टेकून बघतच राहिले. आक्का म्हणाली, 'आपल्या लहानपणीपण असंच दिसायचं.' तेवढंच.

खाली उतरलो, दर्शन घेतलं, धबधब्याच्या तुषारात बसून धपाटे खाल्ले. वर ऑक्टोबरची उन्हं आणि तळाशी दगड गार. मला वाटलं आता दाजी बोलतील. ते बोललेही: 'छान आहे. पण याला ट्रेक नाही म्हणता येणार. चढ कुठंय?'

चढ दुपारी आला. तुमच्या उपयोगाची खरी गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्यावर जोर देते. सह्याद्रीत ताज्या पायांनी चढायचं असतं आणि दमल्यावर उतार मिळतो. आमच्याकडं उलटं. सकाळच्या गारव्यात मजेत उतरायचं, आणि पोट भरलेलं, ऊन डोक्यावर, काळा दगड तापलेला, तेव्हा वर यायचं. पाण्याची अर्धी बाटली उतरताना संपवणारा माणूस वर येताना हैराण होतो. दाजी दोन ठिकाणी सावली बघून बसले. मी तेव्हा एक शब्द काढला नाही, पण आज लिहिते: चढ होता, दाजी. तुम्ही तो सकाळच्या बाजूला शोधत होता.

हे असं का, तेही सांगते, कारण त्याशिवाय इथं कुठं जायचं ते कळत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला तो थरावर थर. आमच्याकडं ते थर आडवे, सपाट राहिलेत, म्हणून डोंगराचा माथा सपाट. दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतं. पठाराच्या काठाला ओढ्यानं जिथं दरी कापली तिथं हा झरा उघडा पडतो. पाणी तिथं झाडी, पाणी तिथं साधू, पाणी तिथं लेणी. म्हणून मराठवाड्यातली उत्तम ठिकाणं माथ्यावर नाहीत, दरीच्या पोटात आहेत. नकाशात शिखरं शोधणाऱ्याला इथं काही सापडणार नाही.

अजिंठाच घ्या. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं ती लेणी पाहिली ती वाघूर नदीच्या पलीकडून, वरच्या कड्यावरून. तो व्ह्यू पॉइंट आजही आहे, लेणापूरच्या बाजूला. तिथून पायऱ्यांनी दरीत उतरून, पूल ओलांडून लेण्यांत शिरता येतं. पण सगळे फर्दापूर फाट्यावरून बसनं थेट खाली जातात, चित्रं बघतात आणि परत. घोड्याच्या नालासारखी ती दरी वरून न बघता अजिंठा बघणं मला अर्धवट वाटतं.

कन्नडजवळचं पितळखोरा तसंच, गौताळा अभयारण्यात. पठारावरून पायऱ्या उतरत जायचं, ओढा पार करायचा, मग दोन हजार वर्षांहून जुनी लेणी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक बुटका हसरा यक्ष आहे, तो इथला. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कन्हदास, धंद्यानं सोनार. मराठवाड्यात कारागिरानं सही करून ठेवलेली मूर्ती आहे आणि आपण विचारतो तिकडं बघायला काय आहे!

पाटोदा तालुक्यातलं सौताडा (विंचरणा नदी कड्यावरून कोसळते, खाली रामेश्वर), अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीची दरी, धाराशिवची लेणी, येडशीचं रामलिंग, सगळीकडं हाच हिशोब: वर माळ, खाली पाणी. अपवाद म्हणून उदगीरजवळचं हत्तीबेट आणि माहूर. माहूरला श्रावण पौर्णिमेला गडाची परिक्रमा असते, रात्रभर माणसं जंगलातून चालतात. तिथं लहान मुलाला नेऊ नका. देवगिरी मी यात धरत नाही. किल्ला थोर आहे, पण ते चालणं नव्हे, तिकीट काढून पायऱ्या चढणं आहे.

तुमच्या मुलासाठी मी येडशी म्हणेन. रामलिंग घाट हे छोटं अभयारण्य आहे, सोलापूर-धुळे महामार्गाजवळ, आणि कुर्डुवाडी-लातूर मार्गावर येडशी स्टेशनही आहे, म्हणजे तुम्हाला गावी जाता-येता उतरता येईल. देऊळ दरीत, ओढा त्याला वळसा घालून जातो, मागं पावसाळी धबधबा. जटायू इथं पडला अशी कथा आहे, देवळात त्याची समाधी दाखवतात. मुलं त्या कथेसाठी पायऱ्या आनंदानं उतरतात. माकडं फार आहेत. खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका.

आता दाजींचं दुसरं म्हणणं. ते म्हणतात, दिंडीत चालणारे भक्त, ते काही भटके नव्हेत. दोन्ही एकत्र करू नको. मला हे अजिबात मान्य नाही. आमच्याकडच्या पायवाटा कुणी हौसेनं आखलेल्या नाहीत. त्या दिंड्यांनी, गुराख्यांनी, बाजारकरूंनी आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांनी पाडल्यात. दसरा-दिवाळी झाली की याच पठारावरची कितीतरी घरं कुलूपबंद होतात, जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडं जातात, मागं म्हातारे आणि शाळकरी पोरं राहतात. ती पोरं रोज किती चालतात ते कुणी मोजत नाही. ज्या भागातली माणसं पोटासाठी आणि देवासाठी सगळ्यात जास्त चालतात, तिथं चालण्यासारखं काही नाही असं म्हणायचं धाडस होतं कसं?

आणि दाजींसारखे लोक इकडं येतात कधी? मे महिन्यात, लग्नाला. मेमध्ये बालाघाट करपलेला असतो, झरे आटलेले, शेळीलासुद्धा सावली नसते. तेवढं बघून मत बनवायचं आणि वर्षभर सांगत फिरायचं. आमचा पाऊस परतीचा. सह्याद्री आषाढात बघायचा, मराठवाडा भाद्रपद-आश्विनात. गणपती बसल्यापासून दिवाळीपर्यंत या, आणि मग बोला.

थंडीतही या, पण धबधब्यासाठी नाही. तुम्ही लातूरचे असून येळवशीला (वेळ अमावस्येला) गावी जात नसाल तर मुलाचं नुकसान करताय, हे स्पष्टच सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं लातूर ओस पडतं, सगळे शेतात. वेशीवर गाडी सोडा, बांधाबांधानं चालत शेतावर जा. कडब्याच्या कोपीतली पूजा, भज्जी, उंडे, आंबील. ज्वारी छातीएवढी असते, हरभरा घाट्यावर येत असतो. याहून चांगली पायपीट दहा वर्षांच्या पोराला कुठला किल्ला देणार?

काही गोष्टी राहिल्या. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. नळदुर्ग किल्ल्यातले नर-मादी धबधबे तिथल्या बंधाऱ्यातल्या पाणीमहालावरून पाणी ओसंडलं तरच दिसतात, आधी फोन करून विचारा. दगडात फुरसं (विषारी साप) असतं, मुलाला कपारीत हात घालू देऊ नका आणि बंद बूट घाला. कुसळ मोज्यात शिरतं, म्हणून पँट बुटावर सोडा. फेब्रुवारीनंतर दहाच्या आत वर आलेलं बरं. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं निम्मं परतीसाठी.

कपिलधारला गाडी थेट खालपर्यंत जाते. म्हाताऱ्यांना, पाय दुखणाऱ्यांना ती सोय हवीच. तुमचे पाय धड असतील तर मात्र मांजरसुंब्याला उतरा. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर गर्दी धरून चाला, किंवा सरळ एखाद्या दिंडीतच मिसळा. जेवू घालतील, आणि तुम्ही लिंगायत आहात का असं कुणी विचारणार नाही.