जनरेटर सुरू करायचं नंतर पाहू, आधी ती दोन पिनांची वायर तोडा

भाऊ, तुम्ही लिहिलं की दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर दिवाळीपासून पडून होता, परवा वावधानात, म्हणजे वादळात, लाईन गेली तर दोरी ओढून ओढून खांदा दुखला पण सुरू झाला नाही, आणि आता दुरुस्त झाला की छपरीत ठेवून दोन्हीकडं पिन असलेल्या वायरनं घरच्या सॉकेटात लावणार. हे शेवटचं वाचून राहवलं नाही म्हणून रात्रीच लिहितो.

ती वायर बिलकुल नको. तुमच्या घरातला करंट उलटा डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, गेला तर तिथं २३० चे ११,००० व्होल्ट होतात, आणि लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेला लाईनमन आपल्याच गावचा पोरगा असतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी लाईनवर नाहीतर जनरेटरवरच राहतं, नाहीतर एक्स्टेंशन बोर्ड ओढून फ्रिज अन् पंखे त्यावर चालवा.

छपरीतही नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मी एकदा पाऊस होता म्हणून कोठ्याच्या दारात ठेवला होता, खिडकी उघडी, तासाभरात पोराचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, आम्हाला वाटलं जेवणातलं काही बाधलं. पोराला उचलून अंगणात आणलं तेव्हा कुठं तो ताळ्यावर आला. घरापासून वीस फूट तरी लांब, सायलेन्सरचं तोंड घराकडं नको, पाऊस असेल तर वर टिनाचा आडोसा करा पण चारही बाजू मोकळ्या ठेवा.

आता सुरू न होण्याचं. आधी ऑइल बघा, सपाट जागेवर ठेवून, कारण कमी असलं की बऱ्याच मॉडेलात सेन्सर ठिणगीच पडू देत नाही आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात. ऑइल ठीक असेल तर बहुतेक जुनं पेट्रोल. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, आणि इतके महिने पडलं की कार्बोरेटरात, म्हणजे पेट्रोल अन् हवा मिसळते त्या भागात, चिकट थर बसतो. थोडं वाटीत काढा, वार्निशसारखा वास आला की टाकी रिकामी करा. मग कार्बोरेटरची खालची वाटी खोलून जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला छोटा स्क्रू, काढा आणि उजेडात धरा, भोक इतकं बारीक असतं की बुजलेलं असलं तर पलीकडचं काहीच दिसत नाही. वायरीतली तांब्याची एक तार घालून साफ करा, सुई नको, भोक मोठं होतं.

सुरू करताना लोड काढलेला असू द्या. पेट्रोलचा कॉक उघडा, स्विच ऑन, चोक (हवा कमी करायचा खटका) लावा, दोरी जड लागेपर्यंत हळू ओढा, मागं जाऊ द्या, मग एका दमात ओढा. पकडलं की चोक हळूहळू काढा, दोन-तीन मिनिटं रिकामा चालू द्या, मग आधी फ्रिज, तो सुरू होताना कितीतरी पट करंट घेतो, मग बाकीचं. दोन केव्हीएवर साधारण १६०० वॅट धरा, एक एचपीची विहिरीवरची मोटर त्यावर लावायचा विचारही करू नका, कागदावर ७४६ वॅट दिसते पण उचलतानाच जनरेटर दाबून टाकते.

चालू असताना किंवा तापलेला असताना पेट्रोल टाकू नका, घाई असली तरी पंधरा मिनिटं थांबा. आणि यापुढं ठेवून देताना कॉक बंद करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीत पेट्रोल उरत नाही. महिन्यातून एकदा वीस मिनिटं थोडा लोड देऊन चालवत जा. जेट साफ करूनही झाला नाही तर प्लगचा फोटो टाका, ओला आहे की कोरडा ते पाहून सांगतो.