फिटनेसची तारीख आणि गाडीची खरी तपासणी

प्रश्न : आम्ही शिरपूर तालुक्यात राहतो. सुरतेतील जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे मार्च 2013 मध्ये नोंदणी झालेली, गुजरात पासिंगची डिझेल मोटार आम्हाला पसंत पडली आहे. व्यापाऱ्याने मोबाइलवर एमपरिवहन ॲप उघडून ‘फिटनेस मार्च 2028 पर्यंत’ ही नोंद दाखवली आणि गाडीची सरकारी तपासणी झालेली असल्यामुळे मेकॅनिक आणण्याचे कारण नाही, असे सांगितले. आखाजीला गाडी दारात यावी, अशी घरच्यांची इच्छा आहे. या नोंदीवर विसंबून व्यवहार करावा काय? गाडीच्या आजवरच्या तपासण्यांचा इतिहास कोठे पाहायला मिळतो?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : त्या नोंदीवर मुळीच विसंबू नये. खासगी मोटारीची पहिली नोंदणी 15 वर्षांसाठी असते आणि ॲपवरील फिटनेसची तारीखही त्याच हिशेबाने लागते. म्हणजे तुम्हाला दाखवलेली 2028 ची तारीख गाडी 2013 मध्ये नवी कोरी असतानाच ठरली होती. त्यानंतर एकाही मोटार वाहन निरीक्षकाने तिचे बॉनेट उघडून पाहिलेले नसण्याचीच शक्यता अधिक आहे. मधल्या काळात गाडी दोनदा उलटली असती, तरी ॲपवर तारीख हीच दिसली असती.

ब्रिटनमध्ये मोटार 3 वर्षांची झाली की दरवर्षी तिची सक्तीने तपासणी होते आणि गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही त्या तपासण्यांचे निकाल, त्या त्या दिवशीच्या किलोमीटर-मैलांच्या नोंदीसह, विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडे खासगी गाडीला अशी सक्ती 15 वर्षे पूर्ण होईपर्यंत नाही, त्यामुळे असा तयार इतिहासही कोठे मिळत नाही. तो वेगवेगळ्या कागदांमधून आपणच जुळवावा लागतो, आणि व्यापाऱ्याला नेमका याच कामाचा कंटाळा असतो.

सर्वांत उपयोगी कागद म्हणजे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी. प्रत्येक खेपेची तारीख, त्या दिवशीचे रनिंग आणि बदललेले भाग त्यात लिहिलेले असतात. या नोंदी सर्व्हिस सेंटर तिऱ्हाइताला सहसा देत नाही, म्हणून मूळ मालकामार्फत त्या मागवाव्यात. रनिंगचे आकडे एकाखाली एक लिहून काढावेत. 2018 मध्ये 92 हजार किलोमीटर असलेली गाडी आज मीटरवर 78 हजार दाखवत असेल, तर मीटर मागे फिरवलेले आहे हे सांगायला मेकॅनिकही लागत नाही. अनेक जण वॉरंटी संपली की गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेऊ लागतात आणि तेथून पुढच्या नोंदी तुटतात. तो काही गुन्हा नव्हे, मात्र त्या गॅरेजची बिले तरी दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

दुसरा कागद विम्याचा. चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के लिहिला आहे, ते पाहावे. क्लेम न घेतलेल्या पहिल्या वर्षानंतर हा बोनस 20 टक्के मिळतो आणि सलग 5 वर्षांनंतर 50 टक्क्यांपर्यंत जातो. बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षी क्लेम कशाचा घेतला, हे थेट विचारावे. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते : हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि मालक तो जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर नेऊ शकतो, त्यामुळे 50 टक्के बोनस दिसला म्हणजे ही गाडी कधीच ठोकली गेली नाही, असा अर्थ लगेच काढता येत नाही. तसेच पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असेल, तर बोनसचा प्रश्नच येत नाही आणि हा कागद तुमच्या काहीच कामाचा राहत नाही.

गाडी सुरतेची असल्यामुळे पाण्यात बुडालेली नाही ना, याची खात्री विशेष करून घ्यावी. तेथे पावसाळ्यात खाड्यांचे पाणी सखल वस्त्यांत शिरते, आणि बुडालेली गाडी धुऊन, नवी सीट कव्हरे चढवून विकायला काढणे अवघड नसते. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. नेहमी गुंडाळलेल्या राहणाऱ्या भागावर गाळाची पुसट रेघ असेल, तर तेथवर पाणी चढले होते असे समजावे. नंतर पायाखालचे कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरील आणि बोल्टवरील गंज पाहावा, डिकीतील स्टेपनी काढून तिच्या खळग्यात हात फिरवावा. काचांवरील खुणाही वाचाव्यात : प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाची आणि बहुधा निर्मितीवर्षाची खूण असते, आणि एकच काच पुढच्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला काय झाले होते, हा प्रश्न उभा राहतो. उधना-लिंबायत भागात आप्त नसलेले खान्देशी घर विरळाच. तुमचेही कोणी तेथे असतील, तर त्यांना व्यापाऱ्याला न कळवता एकदा गाडी पाहून येण्यास सांगावे आणि त्यानंतर आपला मेकॅनिक घेऊन जावे. मेकॅनिक आणू नका, असे जो सांगतो, त्याच्याकडे तर मेकॅनिक न्यावाच.

आता कागदोपत्री बाजू. परराज्यातील गाडी असल्यामुळे तेथील आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना 28, लागेल. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह नमुना 35 लागेल. त्यानंतर धुळ्याच्या आरटीओत महाराष्ट्राचा कर भरून एमएच 18 चा नवा क्रमांक घ्यावा लागेल. हा कर गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करावा, नाहीतर स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्त राहत नाही. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचे अधिकारपत्र आवश्यक झाले आहे, ते पाहण्यास मागावे. शिवाय मार्च 2028 फार लांब नाही. त्या वेळी गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागेल आणि ती उत्तीर्ण झाली तरच नोंदणी आणखी 5 वर्षांसाठी वाढेल. गाडीची पहिली खरी सरकारी तपासणी ती असेल आणि तिचा खर्च तुमच्या खिशातून जाईल. आखाजीच्या मुहूर्तासाठी एनओसी हाती येण्याआधी पूर्ण रक्कम मोजू नये.

प्रश्न : गाडीची पीयूसी चालू आहे. म्हणजे इंजिन चांगले आहे, असे मानावे काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. पीयूसी ही केवळ धुराची चाचणी आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांपैकी कशाकडेही तिच्यात पाहिले जात नाही. तरीही प्रमाणपत्रावरील आकडा वाचावा. बीएस-4 डिझेल गाडीसाठी धुराची मर्यादा प्रकाशशोषणाच्या मापात दर मीटरला 1.62 आहे. त्या मर्यादेला अगदी टेकलेला आकडा दिसला, तर इंजेक्टर आणि टर्बो मेकॅनिककडून तपासून घ्यावेत.

प्रश्न : चाळीसगावात एक सात आसनी गाडी विक्रीस आहे. पूर्वी ती टुरिस्ट पासिंगची होती, आता पांढऱ्या पाटीवर खासगी झाली आहे. अशी गाडी घेणे टाळावे, असे सगळे सांगतात.
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : सगळे सांगतात त्यात तथ्य आहे, कारण टुरिस्ट गाडीचे रनिंग घरच्या गाडीच्या कितीतरी पट असते. मात्र तुम्ही विचारलेली गाडी एका बाबतीत वरच्या गाडीपेक्षा सरस ठरते : तिच्या खऱ्या तपासण्या झालेल्या असतात. व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. नव्या गाडीला ते 2 वर्षांचे मिळते, गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. विक्रेत्याकडून ही जुनी प्रमाणपत्रे, म्हणजे नमुना 38, मागून घ्यावीत आणि त्यांच्या तारखांमध्ये खंड आहे काय, ते पाहावे. मध्येच सहा-आठ महिने पासिंग नसेल, तर गाडी अपघातामुळे किंवा इंजिनच्या कामामुळे उभी होती काय, याची चौकशी करावी; परमिट किंवा कराची थकबाकी हेही कारण असू शकते. प्रमाणपत्र गाडीच्या एका दिवसाच्या स्थितीबद्दल असते, आणि पासिंगपुरते चांगले टायर चढवून दुसऱ्या दिवशी उतरवणारे काही कमी नाहीत. टायरच्या कडेवरील चार अंकी खूण वाचावी. 2219 म्हणजे 2019 च्या 22 व्या आठवड्यात बनलेला टायर. परमिट आरटीओत जमा झाले आहे, खासगी वापराचा कर भरला आहे आणि आरसीवर वाहनाचा वर्ग बदलला आहे, या तिन्ही गोष्टींची खात्री झाल्याशिवाय विसार देऊ नये. पाटी पांढरी रंगवून घेण्यास पेंटरही पुरतो.