कापसाच्या बाजारावर पीएचडी करतोस तर आधी हे पाहून घे
भाऊ, विषय लय चांगला घेतलास. पहिले बाजारभाव पाहिजे असले की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा फिरून बाजार समितीची रजिस्टरं हातानं उतरवून घ्या लागे, आता अ‍ॅगमार्कनेटवर (बाजारभावाची सरकारी वेबसाइट) बसल्या जागी आवक मिळते, कमीत कमी, जास्तीत जास्त अन् सर्वसाधारण भाव मिळते, 2016 पासून ई-नाम (शेतमालाचा सरकारी ऑनलाइन बाजार) पण आलं. पण एवढ्यावरच नकाशे काढत बसू नको, काहून की आपल्याकडचा बराच कापूस खेडा खरेदीत जाते, व्यापारी गाडी घेऊन घरीच येते, काटा लावते, नगदी देते, अन् तो माल कोणत्या गावचा, काय भावानं गेला हे समितीच्या आकड्यात दिसतच नाही. कृषी केंद्राची उधारी असलेला शेतकरी कोणाले विकते हे तर कोणत्याच पोर्टलवर नाही, ते तुले पारावर बसूनच विचारा लागन.

कापूस कुठं किती पेरला हे वरून पाहाले सेंटिनेल-2 उपग्रहाचे फोटो फुकट आहेत, 10 मीटरचा पिक्सेल, नकाशे काढाचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस पण फुकट, शिकून घेच. फक्त कापसात तुरीचे तास म्हणजे ओळी असल्या (अन् आपल्याकडे असतेच) की वरून दोन्ही मिसळून दिसते, म्हणून मोबाइलचा जीपीएस लावून काही शेतं स्वतः नोंदव.

अन् गावाचे कोड (सरकारी यादीतले गावाचे नंबर) आधी जुळव! 2011 च्या जनगणनेत स्पेलिंग वेगळं, सातबाऱ्यावर वेगळं, नुसत्या नावावरून टेबल जोडले तर सगळे पिंपळगाव एकमेकात घुसतात. डाउनलोडची तारीख फाइलच्या नावातच टाक, पोर्टलवरचे आकडे मागाहून बदलले तर गाईडले दाखवाले काही राहत नाही.