घरीच दुरुस्त केलेली गाडी आणि अडलेला क्लेम

प्रश्न : मी कांदिवलीला राहतो. हायवेवर माझी कार पुढच्या टेम्पोला घासून दुभाजकावर आदळली. कुणाला लागलं नाही. डाव्या चाकाचा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) वाकला, एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) आत गेला. भावाच्या मदतीने सोसायटीच्या पार्किंगमध्येच आर्म बदलला, एप्रन ठोकून वेल्डिंग केलं. दुरुस्तीआधी कंपनीच्या माणसाने गाडी तपासली नाही, म्हणजे सर्व्हे झाला नाही, म्हणून विमा कंपनी आता क्लेम नाकारते. काय करू?

उत्तर : क्लेमचं नंतर बघू, आधी गाडी उभी करा. आजच्या बहुतेक कारना वेगळी चॅसी नसते, बॉडीच सांगाडा असते. शॉकअब (चाकाचे धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) वर ज्या भागाला बसतो तोच एप्रन. तिथलं वेल्डिंग चुकलं तर चाकांची अलाइनमेंट (सरळ दिशा) बसत नाही, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, टायर आतल्या कडेने झिजतो. त्या कडेला हात लावून बघा. स्वतः दुरुस्ती करणं गुन्हा नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार सदोष गाडी चालवल्यास दीड हजार दंड आहे, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं तर 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साध्या काळजीने दोष कळला असता, तर ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव टिकत नाही. बॉडीशॉपमध्ये (सांगाडा दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये) सांगाड्याचं मोजमाप करून घ्या आणि त्याचा लेखी रिपोर्ट मागा.

आता क्लेम. खासगी कारच्या पॉलिसीत एक जुनी अट असते : कंपनीला न विचारता फक्त 500 रुपयांपर्यंतची दुरुस्ती करता येते. म्हणून तुमची बाजू कमकुवत आहे, खोटी आशा दाखवणार नाही. तरी केवळ कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम फेटाळू नये, असं विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना कळवलं आहे. वाकलेला आर्म भंगारात देऊ नका, तोच तुमचा साक्षीदार. मोबाइलमधले अपघाताचे फोटो, पार्टचं बिल आणि बॉडीशॉपचा रिपोर्ट जोडून कंपनीला लेखी तक्रार द्या, गाडी आता तरी तपासा म्हणा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मजुरीचे पैसे बहुधा मिळणार नाहीत, पार्टच्या किमतीसाठी भांडा.

टेम्पोवाल्याचं नुकसान झालं असेल तर तेही त्याच पत्रात कळवा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय त्याच्याशी परस्पर काहीही मिटवू नका, चूक कबूलही करू नका.