रेस्टेड एक्सपी कसा जमतो, आणि तो खरंच ‘आळशांचा बोनस’ आहे का?

तुम्ही लिहिलंय की वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळता, गावात विजेच्या लाईनचा भरवसा नाही, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळीच बसणं होतं. प्रश्न असा की रेस्टेड एक्सपी, म्हणजे गेम बंद असताना जमणारा आणि नंतर शत्रू मारताना दुप्पट एक्सपी (अनुभवाचे गुण) देणारा बोनस, जमतो कसा आणि तो भरेपर्यंत थांबून खेळावं का. जाता जाता हेही लिहिलंय की गिल्डातले, म्हणजे गेममधल्या तुमच्या गटातले लोक त्याला ‘आळशांचा बोनस’ म्हणतात. खरं सांगायचं तर मी या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो, कारण हेच वाक्य आमच्याही गिल्डात खेड्यातल्या पोरांना ऐकवलं जायचं. ते हिशेबाने चूक आहे.

थांबून खेळू नका. का, ते आकड्यांतून कळेल.

लेव्हल २० चं उदाहरण घेतो, कारण तिथे आकडे सरळ बसतात. क्लासिकमध्ये २० वरून २१ वर जायला २३,२०० एक्सपी लागतो. स्क्रीनवरच्या खालच्या एक्सपीच्या पट्टीचे २० बबल (कप्पे) असतात, म्हणजे एक बबल ५ टक्क्यांचा, इथे १,१६० एक्सपीचा. तुमच्याच लेव्हलचा साधा मॉब (गेममधला शत्रू) मारला तर ४५ अधिक लेव्हलच्या पाचपट, म्हणजे १४५ मिळतात. रेस्टेड असाल तर २९०. पट्टी जांभळीची निळी होते आणि रेस्ट कुठवर पुरणार तिथे एक खूण दिसते.

कॅरेक्टर इनमध्ये (गेममधल्या सराईत) किंवा राजधानीच्या शहरात लॉगआउट केलं असेल तर ८ तासांना एक बबल जमतो. बाहेर उघड्यावर केलं असेल तर त्याच एका बबलला ३२ तास. कमाल मर्यादा ३० बबल, म्हणजे दीड लेव्हल. इनमध्ये ती १० दिवसांत भरते, बाहेर ४० दिवसांत. जमलेला रेस्ट वाया जात नाही, त्याला मुदत नाही. फक्त भरल्यावर पुढे काही जमत नाही.

आता रात्रभराचा हिशेब करा. ८ तास झोपलात, १,१६० ची खूण सरकली. एक मॉब २९० देतो. म्हणजे चार मॉब, आणि रात्रीचा रेस्ट संपला. पूर्ण दिवसाचा रेस्ट बारा मॉबांत संपतो. शिवाय खूण १,१६० ने सरकली म्हणजे १,१६० फुकट मिळाले असं नाही, त्यातले निम्मे तुम्ही तसेही कमावणारच होता. वरचे मिळाले ५८०. एवढ्यासाठी खेळायची मोकळी संध्याकाळ कोणी सोडू नये.

आमच्या गिल्डातला वाद पेटला तो सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत. आमच्याच गावातली दोन पोरं, दोघंही लेव्हल २०, दोघंही बॅरन्स या गेममधल्या भागात. सोंगणी, मग मळणी, मग माल विकायची धावपळ, म्हणून दहा दिवस दोघांनी गेमला हात लावला नाही. परत आल्यावर एकाची खूण पट्टीच्या पार पुढच्या लेव्हलमध्ये गेलेली, दुसऱ्याची अर्ध्या पट्टीच्याही अलीकडे. गिल्डलीडर शहरातला, त्याने लगेच निकाल दिला: एकजण काही न करता पुढे गेला, म्हणजे हा बोनस कामचुकारांसाठीच आहे, आणि रोज खेळणाऱ्यांवर अन्याय आहे.

दोघांत फरक कशाने पडला होता? पहिल्याने तिथल्या क्रॉसरोड्स गावाच्या इनमध्ये आत जाऊन लॉगआउट केलं होतं. दुसऱ्याची लाईन मॉब मारतानाच गेली, कॅरेक्टर जिथे होतं तिथेच राहिलं. दहा दिवस म्हणजे २४० तास. पहिल्याचे ३० बबल, ३४,८०० एक्सपीची खूण, म्हणजे १२० मॉब दुप्पट. दुसऱ्याचे साडेसात बबल, ८,७००, म्हणजे फक्त ३० मॉब. वरच्या कमाईत फरक १३,०५० एक्सपीचा, साध्या दराने ९० मॉबांइतका. एका मॉबला बसून खाणंपिणं धरून एक मिनिट लागतं असं माना, तर दीड तासाचा खेळ. हा आळसाचा फरक नाही. दोघंही तेवढेच दिवस वावरात राबत होते. एकाला लॉगआउटची जागा मिळाली, एकाला नाही.

आणि अन्यायाचं म्हणाल, तर रोज दोन तास खेळणारा घ्या. तो दिवसाचे उरलेले २२ तास इनमध्ये ठेवतो. दहा दिवसांत २२० तास, साडेसत्तावीस बबल, ३१,९०० ची खूण, वरची कमाई १५,९५०. सोंगणीला गेलेल्याची वरची कमाई १७,४००. म्हणजे दोघांना बोनस जवळपास सारखाच. शिवाय रोज खेळणाऱ्याने मिनिटाला एक मॉब मारला तर १,२०० मॉबांचे १,७४,००० एक्सपी वेगळे कमावले. दहा दिवस न खेळणाऱ्याला जो बोनस मिळतो तो या मेहनतीचा दहावा हिस्सा आहे. कुठला आळशी याने पुढे गेला? (सोयीसाठी सगळं लेव्हल २० वर थांबवून मोजलंय. लेव्हल चढली की बबल मोठा होतो आणि रोज खेळणाऱ्याचा बोनस उलट वाढतो.)

हा रेस्ट मुळात आला कसा, तेही त्या गिल्डलीडरला माहीत नव्हतं. २००४ मध्ये गेम बाजारात येण्याआधी, बीटात (चाचणीच्या आवृत्तीत), ही व्यवस्था उलटी होती. सुरुवातीला पूर्ण एक्सपी मिळायचा आणि बराच वेळ खेळलं की कॅरेक्टर दमून एक्सपी निम्मा व्हायचा. खेळणारे भडकले. मग गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने निम्म्याला १०० टक्के म्हटलं आणि पूर्णला २०० टक्के. गेमचे मुख्य डिझायनर रॉब पार्डो यांनी पुढे हे उघड सांगितलं आहे. म्हणजे ज्याला ‘फुकटचा बोनस’ म्हणतात तो आधी साधा दर होता, आणि आज ज्याला साधा दर म्हणतात तो दमल्याचा दर होता.

आता तुमच्या कामाचं. रेस्ट फक्त मॉब मारण्यावर लागतो, क्वेस्ट (गेमने दिलेलं काम) जमा करण्यावर नाही. क्वेस्ट जमा केली की पट्टी पुढे जाते आणि रेस्टची खूणही तेवढीच पुढे सरकते, म्हणजे रेस्ट खर्च होत नाही. म्हणून पट्टी निळी असेल त्या संध्याकाळी मारायच्या क्वेस्ट घ्या किंवा डंजनला (ग्रुपने जायच्या, मॉबांनी भरलेल्या जागेत) जा. नुसती इकडून तिकडे निरोप पोचवण्याची कामं पट्टी जांभळी झाल्यावर करा. नाव करडं दिसतं असा, म्हणजे तुमच्यापेक्षा फार खालच्या लेव्हलचा मॉब मारू नका. तो शून्य देतो, आणि शून्याची दुप्पट शून्यच. पाच जणांच्या ग्रुपमध्ये एक्सपी वाटला जातो, त्यामुळे रेस्ट मॉबामागे हळू खर्च होतो. काही जण त्याला फायदा समजतात, पण एकूण बोनस तेवढाच राहतो, फक्त जास्त मॉबांवर पसरतो.

दोन-तीन कॅरेक्टर असतील तर प्रत्येकाचा रेस्ट वेगळा जमतो. तुमच्यासारख्या कमी वेळ असणाऱ्याला हे सोपं पडतं: ज्याची पट्टी निळी तो आज खेळायचा, बाकीचे इनमध्ये. पण एकाच कॅरेक्टरला ६० पर्यंत, म्हणजे क्लासिकच्या शेवटच्या लेव्हलपर्यंत न्यायचं असेल तर हा नाद करू नका, दोन्हीकडे अर्धवट राहतं. ६० ला पोचल्यावर रेस्टचा काही उपयोग उरत नाही.

लाईनचं. इथेच आपल्याकडचे सगळ्यात जास्त बबल जातात. इन किंवा शहराबाहेर लॉगआउटला २० सेकंद मोजावे लागतात, इनमध्ये लगेच होतं. हर्थस्टोन (तुम्ही ठरवलेल्या इनमध्ये परत नेणारा दगड) लागायला १० सेकंद लागतात आणि क्लासिकमध्ये तो एकदा वापरला की तासभर मिळत नाही. म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा आवाज आला की हातातला मॉब संपवा आणि सरळ हर्थस्टोन लावा. मधे मार बसला तर हर्थस्टोन नीट लागत नाही, त्यामुळे आधी मॉब संपवणं बरं. संध्याकाळी खेळायला बसतानाच ज्या इनच्या भागात आज फिरणार आहात तिथल्या इनकीपरकडे हर्थ बांधून घ्या. दुसऱ्या खंडातल्या इनला बांधलेला हर्थ लाईन जाताना वाचवतो खरा, पण उद्याची अर्धी संध्याकाळ परतीच्या वाटेत जाते.

कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर साध्या प्लगवर, हे फार घरांत पाहिलंय. लाईन गेली की स्क्रीन चालू राहते, नेट मरतं, आणि सर्व्हरवर कॅरेक्टर काही वेळ उघड्यावर उभं राहतं. त्या वेळात मॉबने मारलं तर आणखी वेळ गेला. राउटरचा अडॅप्टर बघा, बहुतेक १२ व्होल्टचा असतो. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. त्याचा व्होल्टेज आणि पिन जुळतात का ते पाहून घ्या आणि अँपिअर अडॅप्टरवर लिहिलेत तेवढे किंवा जास्त असू द्या. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळत असाल तर टॉवरला बॅकअप आहे का हे गावात कोणालाही विचारा, लाईन गेल्यावर नेट किती वेळ टिकतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

इनमध्ये उभे आहात का, हे अंदाजाने ठरवू नका. दाराबाहेरचा ओटा इनमध्ये धरला जात नाही. तुमच्या चित्रापाशी झोपेची खूण लुकलुकायला लागली की मगच लॉगआउट करा.

हे सगळे आकडे क्लासिकचे. नव्या वॉरक्राफ्टमध्ये लेव्हलला लागणारा एक्सपी वेगळा आहे, आणि तिथल्या पांडारेन जमातीच्या कॅरेक्टरला रेस्ट दुप्पट पुरतो. फायनल फँटसी १४ मध्ये शहरात किंवा सुरक्षित जागेत चंद्राची खूण दिसते, तिथे बोनस ५० टक्के असतो आणि तो गोळा करण्याच्या व बनवण्याच्या कामांनाही लागतो. तिथे कोणतंही अन्न खाल्लं तरी अर्धा तास एक्सपी ३ टक्के वाढतो, ते विसरू नका. गिल्ड वॉर्स २ मध्ये रेस्टच नाही, बराच वेळ कोणी न मारलेला मॉब जास्त एक्सपी देतो. म्हणून तिथे गर्दीपासून दूर फिरणाऱ्याचं चांगभलं. आणि ईव्ह ऑनलाइनमध्ये कौशल्यं घड्याळावर शिकली जातात, तुम्ही आत असा की नसा. लाईनचा सगळ्यात जास्त त्रास असलेल्या गावात मी तोच गेम आधी सुचवेन, पण मित्र क्लासिकमध्ये असतील तर त्याचा उपयोग नाही.

तुमच्या गिल्डात पुन्हा ते वाक्य आलं तर वाद घालू नका. त्या माणसाला त्याच्या लेव्हलचा बबल किती एक्सपीचा आहे ते विचारा, आणि तो आकडा एका मॉबाच्या रेस्टेड एक्सपीने भागायला सांगा.